रविवारची खोली

कॉलेजच्या ग्रंथालयात मी शिपाई होते. नवरा त्याच कॉलेजात शिपाई होता. तो गेल्यावर मला त्याच्या जागी घेतलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर वाचता येतो का आणि शिडीवर चढता येतं का, एवढंच विचारलं. दोन्ही येत होतं. घर कसब्यात आणि कॉलेज नारायण पेठेत, त्यामुळे जाणं-येणं पायीच. बहिणी म्हणाल्या, सरस्वतीच्या पायाशी गेलीस. मी तिथे कपाटं पुसायचे, झुरळांचं औषध मारायचे आणि मुलांना गप्प बसायला सांगायचे. सरस्वतीने त्यात कधी लक्ष घातलं नाही.

मी सांगतेय ते दिवस कॉम्प्युटर नवा होता तेव्हाचे. आमच्या भागात आधी टायपिंगचे क्लास होते, शिवणक्लास होते. एकेक करून त्यांच्या पाट्या उतरल्या आणि तिथे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या चढल्या. शिवणक्लासवालीने आपली मशिनं विकली आणि खोली भाड्याने दिली, तिला मशिनच्या कामापेक्षा भाडं बरं पडलं. बी.कॉम. झालेला मुलगा बँकेची जाहिरात बघेनासा झाला. सगळे म्हणायचे, सॉफ्टवेअर. ते काय असतं ते मी कोणाला विचारलं नाही. सांगणाऱ्यालाही ठाऊक असेल असं वाटत नव्हतं.

त्याच सुमाराला कॉलेजला मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र मिळालं. ज्यांना रोज कॉलेजात येता येत नाही त्यांनी घरी अभ्यास करायचा, रविवारी तासांना यायचं आणि वर्षाच्या शेवटी परीक्षा द्यायची, अशी ती व्यवस्था. कारखान्यातले कामगार यायचे, नर्स यायच्या, साड्यांच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली यायच्या, पोरंबाळं असलेल्या बायका यायच्या. कॉलेजातले लोक त्यांना ‘बाहेरचे’ म्हणायचे. फी त्यांच्याकडून घरच्यासारखीच घ्यायचे. त्या फीमध्ये ग्रंथालयाचाही भाग असायचा, पण ग्रंथालय आपल्यालाही आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. ते यायचे, तळमजल्यावर तास ऐकायचे आणि जायचे.

यावर कोणीतरी वरून बोट ठेवलं. मग असं ठरलं की ग्रंथालयाची वरच्या मजल्यावरची मोठी खोली या लोकांसाठी रविवारी उघडी ठेवायची, आणि त्यांना ग्रंथालयाकडे वळवायला एक ग्रंथपाल वर्षभरासाठी ठोक पगारावर नेमायची. आठवडाभर तिने तयारी करायची, रविवारी खोली चालवायची. ती बाई आली आणि तिच्या हाताखाली मला दिलं. माझी रविवारची सुट्टी मंगळवारी गेली. मंगळवारी सुट्टी घेऊन माणूस काय करतो ते मला अजून कळलेलं नाही.

बाई यवतमाळकडच्या. ग्रंथालयाचा कोर्स करून आलेल्या, वय तिशीच्या आत. बारीक, उंच, बोलणं हळू. पुण्यातल्या लोकांशी बोलताना त्या आधी वाक्य मनात जुळवून घ्यायच्या असं मला वाटायचं. नारायण पेठेतच एका घरात त्यांनी कॉट घेतली होती. घरमालकीण दुपारी नळ वापरू द्यायची नाही, आवाजाने झोप मोडते म्हणून. बाईंनी मला विचारलं, “मावशी, काहून असं? पाणी तर येतं न दुपारी.”

मी म्हणाले, “पाणी येतं. मालकीण झोपते.”

प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी त्यांना स्पष्ट सांगितलं. मी तिथे चहाचे कप उचलत होते. ते म्हणाले, “एक वर्ष बघू. रविवारी माणसं आली तर ठीक. खोली रिकामी दिसली तर आपण ती कॉम्प्युटर क्लासला देऊ. विचारणा आलेली आहे. मग तुमचंही काम राहणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.”

बाई हो म्हणाल्या. जिना चढताना मला म्हणाल्या, काम गेलं तर गावाला परत जावं लागेल. तिथे घरच्यांनी मुलगा पाहून ठेवला होता, त्याचं खतांचं दुकान होतं.

“वाईट आहे का मुलगा?” मी विचारलं.

“नाही, चांगला आहे. पण त्यांना घरात बसणारी पाहिजे. मला हे काम येतं मावशी, आणि मला हेच करायचं आहे.”

लग्न चांगलं की वाईट यावर माझं काही मत नाही. पण ज्याला काम येतं त्याने ते करावं, एवढं मला पटतं. मी खोलीचं कुलूप काढलं.

बाईंनी पहिलं काम केलं ते कागद छापण्याचं. ग्रंथालय कुठे आहे, किती वाजता उघडं असतं, कोणती पुस्तकं आहेत, असं सगळं एका पानावर. वर मोठ्या अक्षरात, ‘या, आपले ग्रंथालय आपली वाट पाहत आहे.’ मी वाचलं आणि म्हणाले, ग्रंथालय कोणाची वाट पाहत नाही. त्या म्हणाल्या, असं लिहावं लागतं.

आता हा कागद सगळ्यांच्या हातात पोचवायचा कसा? विद्यापीठाकडून प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यासाची पुस्तकं मिळायची. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत असायची. कार्यालयाच्या खिडकीतून प्रत्येकाला सहीवर गठ्ठा द्यायचे. बाई म्हणाल्या, गठ्ठा तर प्रत्येकाला घ्यावाच लागतो, मग कागद त्यातच घालू. म्हणजे एकही माणूस सुटणार नाही. विचार सरळ होता. मलाही पटला. आम्ही दोघींनी खाली बसून एकेक पिशवी उघडली, पहिल्या आणि दुसऱ्या पुस्तकाच्या मध्ये कागद सरकवला, पिशवी बंद केली आणि वरून सुतळी बांधली. बोटं सोलली. गठ्ठे आठवड्याभरात सगळे गेले.

पहिल्या रविवारी बाई चांगली साडी नेसून आल्या. टेबलं पुसून घेतली होती, पंखे लावले होते, दारात फुलं ठेवली होती. कोणी आलं नाही. दुसऱ्या रविवारी नाही. गणपती गेले, पितृपक्ष गेला, कोणी नाही. खालून शिकवण्याचा आवाज यायचा, मधल्या सुट्टीत गलका व्हायचा, मग पुन्हा शिकवण्याचा आवाज, मग फाटक वाजायचं आणि सगळं शांत. एकदा एक माणूस वर आला. बाई उठून उभ्या राहिल्या. त्याने विचारलं, कॅन्टीन कुठे आहे.

मी घरून घेवडा आणून तिथे निवडायला लागले. बाईंनी पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. त्यावरून काय दिवस होते ते कळावं.

दिवाळीच्या आधी प्राचार्य वर आले. खोलीत बाई, मी आणि घेवडा. त्यांनी आधी पंख्यांकडे पाहिलं.

“बाई, हे पंखे कोणासाठी?”

“सर, अजून येत नाहीत, पण येतील न.”

“कोणी कळवलंय का तसं?”

बाईंनी उठून एक पंखा बंद केला.

“कॉम्प्युटर क्लासवाले परत विचारून गेले,” ते म्हणाले. “ते निदान शिकवतील तरी कोणालातरी. पुस्तकांनाही रविवारची सुट्टी मिळू दे की.” जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, “घेवडा कोवळा दिसतोय. मंडईतला का?”

मी हो म्हणाले. माणूस वाईट नव्हता. संस्थेला इमारतीचा खर्च भागवायचा होता आणि सरकार पूर्वीसारखे पैसे देत नव्हतं, हे तो कधी लपवत नसे.

दिवाळीनंतर पहिल्या रविवारी बाई जिन्यापाशी उभ्या राहिल्या आणि तासांना येणाऱ्यांना विचारायला लागल्या, तुम्हाला ग्रंथालयाचा कागद मिळाला का. सगळे म्हणायचे, कसला कागद? बाईंना वाटलं खिडकीवरच्या क्लार्कने काढून घेतले. त्या भांडायलाच निघाल्या होत्या. तेवढ्यात एक बाई आली. पस्तिशीची असेल, अंगावर भारी साडी, हातात तोच गठ्ठा, शिकवणाऱ्या सरांनी पुस्तक आणायला सांगितलं होतं म्हणून आणलेला. गठ्ठ्याची सुतळी तशीच होती. पिशवी तशीच होती. पिशवीवर हळदकुंकू वाहिलेलं होतं आणि झेंडूची एक पाकळी प्लॅस्टिकला चिकटून वाळली होती.

“हा फोडला नाही का तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“फोडायचा कसा? दसऱ्याला पुजला की.”

“पण दसरा होऊन गेला न.”

“परीक्षेच्या टायमाला फोडायचा. आत्ता फोडला तर पोरं पानं फाडतील, कोऱ्याचा वास जाईल. आज सरांनी आणा म्हटलं म्हणून आणला, फोडा म्हटलं नाही.”

मागे उभा असलेला एक कामगार म्हणाला, “आमचा माळ्यावर हाय. बॅगेत घालून ठेवलाय, उंदीर होतात म्हणून.”

बाकीच्यांनी माना हलवल्या. कोणाचा देव्हाऱ्याखाली होता, कोणाचा गोदरेजच्या कपाटात कुलपात. त्या दिवसांत लोक टीव्हीचा रिमोटसुद्धा पिशवीत घालून वापरायचे. नव्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, ते फाटून जाईपर्यंत. मग पुस्तकं तर विद्या. ती कशी कोण फोडेल? आमचे सगळे कागद घरोघर पुजले गेले होते आणि एकानेही वाचले नव्हते.

बाई वर येऊन खुर्चीत बसल्या. रडतील असं वाटलं. रडल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “मावशी, खाली जाऊन तोंडाने सांगू.”

पुढच्या रविवारपासून त्या वर्गात जायला लागल्या. शिकवणारे सर शेवटची पाच मिनिटं द्यायचे. त्या पाच मिनिटांत माणसं डबे पिशवीत भरत असतात, चपला शोधत असतात, शेजारणीला विचारत असतात की बस किती वाजता आहे. बाई फळ्यापाशी उभ्या राहून संदर्भग्रंथांबद्दल सांगायच्या, वर्गीकरणाबद्दल सांगायच्या, विषयाप्रमाणे पुस्तक कसं शोधायचं ते सांगायच्या. आवाज हळू. पहिल्या बाकावरची एक नर्स ऐकायची. तीही भिडेखातर.

दोन वर्ग एकाच वेळी सुटायचे. एका वर्गात बाई, मग दुसऱ्यात कोण? एका रविवारी मला म्हणाल्या, “तुम्ही जा. मी सांगते तेच सांगा.”

मी ते इतक्यांदा ऐकलं होतं, पण त्यातलं एक वाक्य डोक्यात राहिलं नव्हतं. वर्गात गेले. सर म्हणाले, “या मावशींना काहीतरी सांगायचंय.” समोर पाहिलं तर अर्ध्याहून जास्त बायका. मी म्हणाले, “वर ग्रंथालयाची खोली आहे. तुमच्या फीमधून आहे, फुकट नाही. पंखे आहेत, पाणी आहे. वरच्या मजल्यावर बायकांचा संडास आहे, स्वच्छ आहे, मी धुते. किल्ली माझ्याकडे आहे.”

आणि बाहेर आले.

तळमजल्यावरच्या मुलींच्या संडासाला रविवारी कुलूप असायचं, कारण झाडणारी रविवारी यायची नाही. लांबून येणाऱ्या बायका पहाटे घरून निघायच्या आणि दुपारपर्यंत पाणीच प्यायच्या नाहीत. यात मी काही शोधून काढलं असं नाही. कोणत्याही बाईला ते माहीत होतं. वर्गात मोठ्याने म्हणायची पद्धत नव्हती, एवढंच. मी जिन्याच्या निम्म्यावर पोचले नाही तोवर मागून पावलं ऐकू आली.

वर आल्यावर बाईंनी ती रांग पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. “काय सांगितलं तुम्ही?”

मी सांगितलं.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. जरा विचार केला आणि म्हणाल्या, “किल्ली माझ्या टेबलावर ठेवा. दाराजवळच्या नाही, त्या कोपऱ्यातल्या टेबलावर. म्हणजे सगळी खोली ओलांडून यावं लागेल.”

तशी ठेवली. पुढच्या रविवारी त्यांनी त्या टेबलावर किल्लीच्या शेजारी मागच्या परीक्षांचे पेपर आणून ठेवले. विषयवार शिवून, जाड पुठ्ठ्यात. कुठून मिळवले ते त्यांनाच माहीत. विद्यापीठाच्या कचेरीत दोन-तीन वेळा जाऊन बसल्या होत्या एवढं मला ठाऊक आहे. किल्ली घ्यायला आलेली पहिली बाई परत जाताना थांबली.

“हे मागच्या वर्षीचे?”

“हो.”

“घरी न्यायला मिळतील?”

“नाही. इथे बसून बघायचे.”

ती बसली. तिला पाहून दुसरी बसली. घरी न्यायला दिले असते तर तेही माळ्यावर गेले असते. ही बाईंची अक्कल. मला ते नंतर कळलं, की बाईंना माणसं बसायला हवी होती, पुस्तकं जायला नव्हे.

पौष उजाडेपर्यंत खोली भरायला लागली. तासांच्या आधी लोक यायचे, तास संपल्यावर परत वर यायचे. नाइट शिफ्ट करून आलेले कामगार मागच्या टेबलांवर डोकं ठेवून झोपायचे. मी उठवायला गेले तर बाई म्हणाल्या, “झोपू द्या. घोरले तर उठवा.” त्यातला एक दर रविवारी घोरायचा. त्याला उठवलं की तो पुस्तक उघडायचा, दोन पानं वाचायचा, परत झोपायचा. वर्षभरात त्याने इथे जेवढं वाचलं तेवढं घरी वाचलं नसतं, हेही खरं.

काहीजण मार्गदर्शक मागायचे. आम्हाला गाईड द्या, म्हणायचे. बुधवार पेठेत मिळतं तसं, प्रश्न आणि उत्तर. बाईंना गाईड या शब्दाचा राग. त्यांनी ग्रंथालयात एकही गाईड ठेवलं नाही. पण कोण कोणत्या प्रश्नावर अडलंय ते त्या फिरून बघायच्या आणि त्या प्रश्नापुरतं पान उघडून पुस्तक समोर ठेवायच्या. न बोलता. पुढच्या वेळी ते माणूस स्वतःहून विचारायचं.

हळदकुंकवाच्या गठ्ठ्याची बाई आता रोजची झाली होती, म्हणजे दर रविवारची. ती पूर्वेकडच्या एका गावातली. गाव आता शहरात आलं होतं. जमीन मोठ्या कंपन्यांच्या इमारतींना गेली, घरात पैसा आला, चार मजली बंगला झाला. पोरं इंग्रजी शाळेत गेली. कागदांवर सह्या करताना वकील सगळ्यांना वाचून दाखवायचा आणि हिला नुसतं बोट दाखवायचा, सही इथे. म्हणून हिने फॉर्म भरला.

बाईंनी तिला विचारलं, “एवढ्या लांबून येता, घरी मोठी जागा आहे न?”

“जागा लई हाय. धा खोल्या हायेत. एका बी खोलीत मी पुस्तक घेऊन बसले की कोणतरी चहा मागतं.”

एकदा ती अर्थशास्त्राचा पेपर बघत बसली होती. प्रश्न होता, नव्या आर्थिक धोरणाचे ग्रामीण जीवनावरील परिणाम लिहा. ती मोठ्याने म्हणाली, “परिणाम मला इचारा की. सासऱ्यानं गाडी घेतली, दिरानं बाटली धरली, आन् भाजी आता मार्केटातनं इकत आणतो. असं लिवलं तर मार्क देतात का ओ बाई?”

आजूबाजूचे हसले. बाईही हसल्या. म्हणाल्या, “आधी पुस्तकातलं लिहा. मग उदाहरण म्हणून हे लिहा. दिराचं नका लिहू.”

“दिराचं तर खरं हाय.”

“खरं आहे म्हणूनच.”

मला वाटत होतं, आता खोली वाचली. बाईंनाही वाटत होतं. त्यांनी गावाला पत्र पाठवून कळवलं होतं की काम बहुतेक पुढे चालू राहील.

होळीच्या आधीच्या रविवारी प्राचार्य वर आले. बरोबर एक गृहस्थ होते, कडक इस्त्री, पट्ट्याला पेजर. हातात मोजायची टेप. प्राचार्य दारातच थबकले. एकही खुर्ची रिकामी नव्हती. खिडकीच्या कट्ट्यावरही माणसं बसलेली.

“आज काय आहे?” त्यांनी विचारलं.

“रविवार आहे,” मी म्हणाले.

बाई पुढे आल्या. टेप पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “सर, तुम्ही म्हणाला होता, खोली रिकामी दिसली तर.”

“म्हणालो होतो.”

“मग?”

“तेव्हा ती भरेल असं वाटलं नव्हतं,” प्राचार्य म्हणाले. “मी दिवाळीतच यांना शब्द दिला. संस्थेचीही मंजुरी आली. आता मला सांगा, कोणाला दिलेला शब्द मोडू?”

एका बाजूला वर्षाचं भाडं होतं, दुसऱ्या बाजूला ठोक पगारावरची एक बाई. हिशेब करायला अर्थशास्त्राचा पेपर लागत नाही.

क्लासवाला गृहस्थ भिंतीपासून माप घ्यायला लागला. टेप टेबलाखालून जाईना. तो म्हणाला, “जरा पाय वर घ्या हं ताई.” ताई म्हणजे ती गावाकडची बाई. तिने पाय वर घेतले नाहीत. विचारलं, “काय करणार इथं?”

“कॉम्प्युटर क्लास.”

“कोणासाठी?”

“सगळ्यांसाठी.”

“म्हणजे माझ्यासाठी बी?”

त्याने तिच्या साडीकडे पाहिलं, बांगड्यांकडे पाहिलं. “इंग्रजी येतं?”

“ते येत असतं तर तुमच्याकडं कशाला येऊ? मराठीतनं शिकवा. माझ्या पोरांना येतं ते, मी मागं उभी राहिले की बंद करतात.”

मागच्या टेबलावरचा घोरणारा जागा झाला होता. तो म्हणाला, “साहेब, आमच्या स्टोअरमध्ये मशीन बसवलं. मला येत नाही म्हणून माझ्या जागी कालचं पोरगं बसवलं आन् मला गेटवर टाकलं. किती महिन्यांत येतं ते?”

मग नर्सने विचारलं. मग दुकानातल्या मुलींनी. फी किती, सर्टिफिकेट मिळतं का, रविवारी आहे का. त्या गृहस्थाने टेप गुंडाळायला घेतली. मी त्याचं तोंड बघत होते. मंडईत गिऱ्हाईक दिसल्यावर भाजीवालीचं तोंड होतं तसं झालं होतं. खोली मोजायला आलेला माणूस आता माणसं मोजत होता.

“रविवारी तर आपली मोठी बॅच असते,” तो म्हणाला. “याच खोलीत.”

“मग आम्ही बसायचं कुठं?” गावाकडची बाई म्हणाली. “ही खोली रविवारी आम्हाला नसंल तर मी कशाला एवढ्या लांब येऊ? आन् आलेच नाही तर तुमच्या क्लासला तरी कशी येऊ? आमच्या तिकडंबी क्लास निघालेत.”

तिने हे काही बाईंसाठी केलं नाही. तिला बसायला जागा हवी होती. घरातली सौदेबाजी ऐकत ती इतकी वर्षं काढून आली होती, तिला बोलणं येत होतं.

गृहस्थ प्राचार्यांना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला. बाई तशाच उभ्या. खोलीत कोणी वाचत नव्हतं, पण सगळ्यांनी पुस्तकं उघडी धरली होती. थोड्या वेळाने ते आत आले. त्याने असं सुचवलं होतं, की क्लास सोमवार ते शनिवार चालेल. रविवारी खोली या लोकांनाच ठेवा, वाचू दे त्यांना. फक्त प्रत्येक टेबलावर क्लासचं पत्रक राहील, आणि या लोकांसाठी शनिवारी संध्याकाळी वेगळी मराठी बॅच निघेल. प्राचार्यांना भाडंही मिळत होतं आणि शब्दही मोडत नव्हता. त्यांनी लगेच मान्य केलं.

“आता तुमचं, बाई,” ते म्हणाले. “खोली फक्त रविवारची उरली. तेव्हा नेमणूकही रविवारपुरतीच. बाकीच्या दिवसांचा पगार संस्था देणार नाही.”

रविवारच्या पैशात कॉटचं भाडंसुद्धा निघत नव्हतं. म्हणजे खोली वाचली होती आणि बाई जाणार होत्या.

क्लासवाल्याने किल्लीच्या टेबलाकडे पाहिलं, पेपरांच्या पुठ्ठ्यांकडे पाहिलं. बाईंना म्हणाला, “ही माणसं तुम्ही जमवलीत का मॅडम?”

“हो.”

“मला अशी व्यक्ती हवीच आहे. सोमवार ते शनिवार. चौकशीला येणाऱ्यांशी बोलायचं, प्रवेश द्यायचे. तुम्हाला कॉम्प्युटर मी शिकवीन. विचार करा.”

सगळे गेल्यावर बाई खुर्चीत बसल्या. मी पंखे बंद करत होते.

“मावशी, घेऊ का हे काम? मी ग्रंथपाल आहे न. त्याच्या क्लासची पत्रकं वाटत बसू?”

“नाही घेतलं तर काय कराल?”

“गावाला जाईन.”

“मग मला कशाला विचारता?”

त्या उठून खाली गेल्या आणि कार्यालयातून त्याला फोन करून हो म्हणाल्या. परत आल्या तेव्हा खूश नव्हत्या आणि दुःखीही नव्हत्या. पर्समधून आंतरदेशीय काढून गावाला दुसरं पत्र लिहायला बसल्या. काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

परीक्षा झाल्यावर क्लासची मशिनं आली, खोक्यांत, थर्माकोलमध्ये बसवलेली. ती लावायला जागा हवी म्हणून वाचायची टेबलं उचलून व्हरांड्यात काढायची असं क्लासच्या मालकाच्या माणसांनी ठरवलं. बाईंनी त्यांना थांबवलं. टेबलं मागच्या भिंतीला एकावर एक लावून घेतली आणि मालकाला म्हणाल्या, “दर शनिवारी बॅच सुटली की तुमची माणसं ही परत मधे मांडतील, आणि सोमवारी सकाळी उचलतील.”

मालक म्हणाला, “हे करारात कुठे आहे?”

“करारात नाही,” बाई म्हणाल्या. “पण आता मी तुमच्याकडे कामाला आहे न. तुमच्या माणसांना मीच सांगणार.”

मशिनं बघायला वर आलेल्या प्राचार्यांकडे त्याने पाहिलं. प्राचार्य जिन्यावरून खाली उतरायला लागले होते.